पसंतीची बाग

एकदा एक वैद्य होता. कुठल्या गावचा, कोणाचा कोण, ते विचारू नका. नाव सांगितलं की तुमच्यातला एकजण उठून म्हणणार, ‘अहो, ते आमच्या चुलत्यांचे साडू!’ मग गोष्ट राहते बाजूला आणि साडूंच्या प्रकृतीची चौकशी सुरू होते. तेव्हा वैद्य म्हणजे नुसता वैद्य. वयानं वृद्ध, बुद्धीनं प्रगल्भ, आणि आवाज असा, की नदीच्या अलीकडून त्यानं ‘काढा घेतला का रे?’ असं विचारलं, तर पलीकडची धडधाकट माणसंसुद्धा घाबरून काढा घेत.

त्याचा एक शिष्य होता. दाढीमिशा आलेला, चांगला जवान. नाडीवर बोट ठेवलं की रोग्यानं काल चोरून काय खाल्लं तेही त्याला कळायचं. सगळ्या खोऱ्याला त्याची ही विद्या ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती त्याची त्यालाच, कारण गुरूनं आजवर त्याला ‘बरं केलंस’ एवढंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्याचे हात आता कापू लागले होते, बारीक मुळ्या डोळ्यांना दिसत नव्हत्या. तरी खोऱ्याची रीत अशी, की गुरूनं चारचौघांत ‘हा वैद्य’ म्हटल्याशिवाय कुणी कुणाला वैद्य म्हणायचं नाही. शिष्य त्या दोन शब्दांसाठी खलबत्ता कुटत बसला होता. औषधं बारीक होत होती, शब्द काही पडत नव्हते.

आता राजाकडे येऊ. गोष्टीत राजा लागतोच, नाहीतर तुम्ही पान उलटता.

त्या मुलखाचा राजा वाईट नव्हता. कर बेताचे, शिक्षा बेताच्या, देवधर्म यथासांग. पण पणजोबांपासून चालत आलेली एक रीत त्याच्या गळ्यात पडली होती. एखादी गोष्ट आवडली की राजा ‘वा!’ म्हणायचा. त्यानं ‘वा’ म्हटलं की मागं उभा असलेला चोपदार चांदीची काठी जमिनीवर आपटून ओरडायचा, ‘पसंत!’ आणि पसंत झालेली वस्तू त्या क्षणापासून वाड्याची. फुकट नाही हो, छे! मालकाला मानाचा नारळ मिळायचा. ज्याची दुभती म्हैस गेली त्याला नारळ, ज्याच्या आजीचा पितळी डबा गेला त्याला नारळ. काही घरांत नारळाच्या वड्या इतक्या झाल्या, की पोरं वडी म्हटलं की रडायला लागत.

म्हणून राजाची स्वारी निघाली, असं कानावर आलं की लोक गाईंना चिखल फासत, सुगरणी आमटीत मुद्दाम मूठभर मीठ टाकत, आणि बासरी वाजवणारे गुराखी तोंडात बोरं भरून बसत. राजाला बिचाऱ्याला वाटे, आपल्या राज्यात सगळ्याच गाई मळक्या आणि सगळ्याच आमट्या खारट. त्यामुळे एखादी बरी गोष्ट दिसली की तो हरखून जाई आणि दुप्पट जोरानं ‘वा’ म्हणे.

एके दिवशी वाड्यावरून स्वार आला. वैद्यराजांनी बागेची पाहणी करावी, औषधी झाडं कोणती ते सांगावं, आणि येताना शिष्यालाही आणावं, असा हुकूम होता.

“शिष्याला बरं नाही,” म्हातारा तत्काळ म्हणाला.

“मला काय झालंय?” शिष्य खलबत्ता टाकून पुढं आला. “ठणठणीत आहे की मी!”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा असता तर आजारी पडला असता. पण स्वारानं ऐकलं होतं. इलाज नव्हता.

शिष्याला तर आकाश ठेंगणं झालं. त्याच्या मनात एकच गोष्ट होती. राजानं एकदा आपल्याकडे बघून ‘वा’ म्हणावं, आणि ते गुरूनं ऐकावं. राजा म्हणाला म्हटल्यावर गुरूलाही म्हणावंच लागेल! पसंतीची रीत त्यालाही माहीत होती, पण ती म्हशींना आणि डब्यांना. माणसालाही ती लागू पडते हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तरुणपणी ‘वा’ ऐकू येतो, काठी ऐकू येत नाही.

निघायच्या दिवशी त्यानं पेटीतलं धुतलेलं धोतर काढलं. म्हाताऱ्यानं ते परत पेटीत टाकलं आणि त्याला अंगण सारवताना नेसतात तसला एक पंचा दिला. केसांना एरंडेल थापलं, ते कानांवरून ओघळू लागलं.

“गुरुजी, अशा अवतारात राजदर्शनाला?”

“तुझं दर्शन त्यांना घ्यायचं नाहीये,” म्हातारा म्हणाला. “चल.”

वाड्याचं काय वर्णन करू! आधी डोंगर. डोंगराला तट. तटाला दरवाजा, आणि दरवाज्यावर हत्तीचं कपाळ फुटावं असे खिळे. आत शिरलं की लगेच वळण आणि वळणावर दुसरा दरवाजा, म्हणजे शत्रू धावत आला तर भिंतीवरच आपटावा. पुढं नगारखाना, फरसबंदी चौक, सागवानी खांबांचा दिवाणखाना, आणि या सगळ्या दगडांच्या पोटात, डोंगराच्या माथ्यावर, ती बाग! पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे वाफे, कमळांचा हौद, दगडी हत्तींच्या सोंडांतून उडणारी कारंजी, वेलींचे मांडव, आणि मोर तर असे हिंडत होते, जसे दिवाणांचे जावई.

दरवाज्यातच त्यांना एक कापडाचा व्यापारी भेटला. वाड्याला कापड पुरवण्याचं काम मिळावं म्हणून तोही बाग बघायला आला होता. डोक्याला केशरी पगडी, कानात मोत्यांची भिकबाळी, खांद्यावर जरीचा शेला.

“वैद्यबुवा,” शिष्याच्या पंच्याकडे बघत तो म्हणाला, “राजाकडं येताना माणसानं कसं यावं? चमकत यावं!”

“चमकतं ते आधी उचललं जातं, शेठजी,” वैद्य म्हणाला.

व्यापारी हसला. शहाणपणाचं वाक्य ऐकलं की हसायचं, ही व्यापाऱ्यांची पद्धत आहे. आपलीही तीच आहे, म्हणून मी पुढं जातो.

राजा स्वतः बाग दाखवायला आला. मोठ्या मनाचा माणूस, हसतमुख. त्याची पहिली नजर गेली पगडीवर.

“वा! काय पगडी आहे!”

धप्प! “पसंत!”

पगडी गेली, नारळ आला. व्यापाऱ्याला आनंदच झाला. दहा पावलांवर भिकबाळी गेली, कारंज्यापाशी शेला गेला. आता तो बोडक्या डोक्यानं, तीन नारळ पोटाशी धरून, बाळंतिणीसारखा सांभाळून चालू लागला.

“आणि हे कोण?” राजानं शिष्याकडे बघून विचारलं. शिष्यानं छाती पुढं काढली.

“हे?” म्हातारा म्हणाला. “हे आमच्या पूर्वजन्मीचं पाप, महाराज. दर महिन्याला फेडतो, संपत नाही.”

राजा हसला. “शिकतोय ना काही?”

“शिकतोय म्हणजे! एकदा पाटलाचं औषध यानं बैलाला दिलं आणि बैलाचं पाटलाला. दुसऱ्या दिवशी बैल पारावर बसून पानसुपारी मागायला लागला. पाटलाचं सांगत नाही, त्यांची बायको भली आहे.”

सगळे खो खो हसले. शिष्याची छाती जागेवर गेली. त्यानं असलं काही कधीच केलं नव्हतं. पाटलाचा बैल तर त्यानंच वाचवला होता, एक रात्र गोठ्यात जागून.

पुढं एक चाफा होता. जुनं, डेरेदार झाड, पण एक फूल नाही.

“हा एका कुंभाराच्या दारचा,” राजा कौतुकानं सांगू लागला. “तो पारिजातक कोष्ट्यांच्या आळीतला. ते बकुळीचं झाड एका विधवा बाईच्या अंगणातलं, मुळांसकट गाडीवर घालून आणलं. या बागेत आम्ही लावलेलं असं एकही झाड नाही. सगळी पसंतीची!” मग तो जरा खिन्न झाला. “पण इथं आली की नीट फुलत नाहीत. का हो, वैद्यराज?”

शिष्याला कारण दिसत होतं. त्यानं तोंड उघडलं, “महाराज, मुळं उपसताना...”

म्हाताऱ्यानं त्याच्या पायावर पाय दिला, आणि तो पाय बराच वेळ तिथंच ठेवला. “झाडं आहेत, महाराज,” तो म्हणाला. “रुसतात. याला काय विचारता, याला तुळस आणि माठ सारखाच.”

हौदाच्या काठाला एक दगडी छत्री होती, तिथं एक म्हातारा सनई वाजवत होता. सूर असा गोड, की कमळं ऐकत असावीत असं वाटे. राजा पुढं गेल्यावर वैद्य त्याच्यापाशी थांबला.

“इथलेच का तुम्ही?”

“खालच्या गावचा,” सनईवाला म्हणाला. “राजकुमारांच्या मुंजीत वाजवायला आलो होतो. महाराज ‘वा’ म्हणाले. तेव्हापासून इथंच.” मग हळूच त्यानं विचारलं, “खाली नदीला अजून पूर येतो का हो? आमच्या घराच्या पायरीपर्यंत पाणी यायचं. घरात कोण आहे आता, कुणास ठाऊक.”

“राजकुमारांना आता मुलं झाली,” वैद्य म्हणाला.

“हो,” सनईवाला म्हणाला. “त्यांच्या बारशालाही मीच वाजवली.”

शिष्यानं हे सगळं ऐकलं आणि त्याला काय वाटलं असेल? ‘काय भाग्यवान माणूस! आयुष्यभर राजाकडून वाहवा!’ तुम्हाला कळलं, मला कळलं, हौदातल्या बेडकांना कळलं. त्याला नाही कळलं. ज्याला एका शब्दाची भूक लागलेली असते, त्याला समोरच्याचं पोट भरलेलं दिसतं, गळ्यातला दोर दिसत नाही.

एवढ्यात वेलींच्या मांडवातून आवाज आला. “हुक्!” थोड्या वेळानं पुन्हा, “हुक्!”

राजमाता आईसाहेब मांडवात बसल्या होत्या आणि सकाळपासून त्यांची उचकी थांबत नव्हती. वाड्याच्या वैद्यांनी सुवर्णभस्म देऊन झालं होतं, पुरोहितांनी मंत्र म्हणून झाले होते, तीन दासींनी तीन माणसांची नावं घेऊन झाली होती, की बाई, यातलं कोण तुमची आठवण काढतंय. आईसाहेबांचा चेहरा काळवंडला होता. खाल्लेलं पोटात राहत नव्हतं.

वैद्य पुढं झाला, त्यानं त्यांचं मनगट धरलं. पण त्याचीच बोटं इतकी कापत होती, की नाडी कुठली आणि कंप कुठला हे त्यालाच समजेना. त्यानं एकदा राजाकडे पाहिलं, एकदा शिष्याकडे. मग मान खाली घातली आणि बाजूला झाला. रोगी समोर असताना वैद्याला दुसरा हिशेब मांडता येत नाही.

शिष्यानं नाडी धरली. दोनच प्रश्न विचारले. मग मांडवाबाहेर जाऊन त्यानं गवतात पडलेलं एक मोरपीस उचललं. ज्या पिसावरून सकाळपासून सगळा वैद्यवर्ग चालत येत-जात होता, तेच. धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर ते जाळलं, राख बोटांनी चुरली, फराळाच्या ताटातल्या मधात कालवली आणि आईसाहेबांपुढं चाटण धरलं. हे सगळं इतकं शांतपणे, इतकं नेमकं, की दासी हलायच्या थांबल्या. त्या क्षणी त्याला ना राजाची आठवण होती ना गुरूची. आईसाहेबांनी चाटण घेतलं.

आता इकडं बघा. राजाचे डोळे चमकले. ओठ वाटोळे झाले. चोपदारानं काठी उचलली. ‘वा’चा व ओठांतून बाहेर पडला...

आणि म्हाताऱ्यानं बोंब ठोकली.

“अरे गाढवाच्या नातवा! आईसाहेबांना राख चाटवतोस?”

साधी बोंब नव्हे ती! साऱ्या मोरांनी एकदम केकाटायला सुरुवात केली. नगारखान्यावरची कबुतरं उडाली. व्यापाऱ्याच्या हातातले तिन्ही नारळ सुटले आणि हौदात डुबुक, डुबुक, डुबुक. एक दासी दुसरीच्या मांडीत पडली. आईसाहेब आसनावरून वीतभर उडाल्या आणि परत बसल्या.

मग शांतता. सगळे वाट बघू लागले. हुक् नाही. पुन्हा वाट बघितली. नाहीच.

राजाच्या तोंडात अर्धा ‘वा’ तसाच अडकला होता. तो गिळता येईना, त्याला कुठंतरी ठेवणं भाग होतं. राजा उद्गारला, “वा! काय बोंब आहे!”

धप्प! “पसंत!”

वैद्याच्या हातात नारळ आला.

आता पंचाईत झाली. पणजोबांच्या काळापासून पगड्या झाल्या, म्हशी झाल्या, चाफे झाले, पण बोंब कधी पसंत झाली नव्हती. ती ठेवायची कुठं? दिवाण पुढं आले. दिवाण म्हणजे तुम्हाला माहीत आहेत, अडचण नसेल तिथं दोन काढणार. ते म्हणाले, “बोंब वैद्यांच्या गळ्यात आहे. गळा वैद्यांना जोडलेला आहे. तस्मात् वैद्यांनी इथंच राहावं.”

शिष्य पांढराफटक पडला. म्हातारा मात्र अगदी हलक्या आवाजात बोलू लागला, इतक्या हलक्या की राजाला वाकावं लागलं.

“महाराज, चाफा पसंत पडला तेव्हा झाड आणलंत, कुंभाराचं अंगण नाही आणलं. बोंब पसंत पडली, ती आपली. इथंच ठेवतो, बरोबर नेत नाही. गळा आमचं अंगण आहे, तेवढं राहू द्या.”

राजा विचारात पडला. तेवढ्यात आईसाहेब बोलल्या, आणि बऱ्याच वेळानं त्यांचं अख्खं वाक्य एका दमात बाहेर आलं.

“अरे, असला बोंबल्या म्हातारा वाड्यात ठेवलास, तर मी डोळा कधी मिटायचा? त्याची बोंब ठेव आणि त्याला जाऊ दे.”

“आणि हा शिष्य?” राजा म्हणाला. “उचकी कशानं गेली, आईसाहेब? बोंबेनं की राखेनं?”

आईसाहेबांनी शिष्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्या माउलीनं त्या वाड्यात जन्म काढला होता, एकदा कुणाच्यातरी घरून पसंत होऊनच आली होती ना तीही.

“राखेनं कधी उचकी जाते होय?” त्या म्हणाल्या. “आणि बघ ना त्याच्याकडे, कानातून तेल गळतंय. अशाला दारात तरी उभं करतात का? घालव त्याला.”

शिष्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते बघून राजाला खात्रीच पटली, की यात पसंत करण्यासारखं काही नाही.

एवढं होईपर्यंत व्यापाऱ्याच्या लक्षात आलं होतं, की इथं ज्याचा आवाज त्याचा सन्मान. तो हात जोडून पुढं सरला आणि अशी काही साखर पेरली, राजाला इंद्र म्हणाला, बागेला नंदनवन म्हणाला, दिवाणांना बृहस्पती म्हणाला, की राजा खुलून गेला. “वा! काय गोड बोलता हो तुम्ही!”

धप्प!

व्यापारी वाड्यातच राहिला. त्याच्या घरी निरोप आणि नारळ गेला. घरच्या बाईनं नारळ वाढवला आणि त्या दिवशी म्हणे बऱ्याच वर्षांनी दुपारी निवांत झोपली.

गुरुशिष्य डोंगर उतरू लागले. म्हातारा मधूनमधून हसत होता, दर वळणावर मागं बघत होता. शिष्य पुढं बघून चालत होता. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

“गुरुजी, उद्यापासून मी येणार नाही.”

“का रे?”

“पाप म्हणालात. गाढव म्हणालात. बैलाचं खोटंच सांगितलंत. आज मी काय चुकलो ते तरी सांगा! उचकी थांबली, आणि तुम्ही... त्या आईसाहेबसुद्धा...” त्यानं कानांवरचं एरंडेल हातानं निपटून टाकलं. “मी कशालाच लायक नाही ना? तसं सांगा, मी नांगर धरतो.”

म्हातारा काही म्हणणार, तोच वरून धावत्या पावलांचा आवाज आला. बघतात तर सनईवाला! बगलेत सनई, पाठीला गाठोडं, दगडांवरून पोरासारखा उड्या मारत येत होता.

“सुटलो! वैद्यबाबा, सुटलो!” तो दुरूनच ओरडला. “तुम्ही गेलात आणि आईसाहेब महाराजांना म्हणाल्या, ही सनई फुटक्या घागरीसारखी वाजते हो, कान किटले माझे! महाराज म्हणाले, अरेच्चा, मला कधी कळलंच नाही. हाकला त्याला!” त्याच्या दाढीवरून आसवं ओघळत होती आणि तो हसत होता. “फुटकी घागर! एवढं गोड माझ्या सनईला कुणी बोललं नव्हतं!”

आणि तो थांबलासुद्धा नाही. नदीच्या बाजूची पाऊलवाट धरून उतरत गेला. खालच्या झाडीतून त्याची सनई ऐकू आली, धावता धावता वाजवलेली, सगळी बेसूर.

शिष्य त्या आवाजाकडे बघत उभा राहिला. मग त्यानं मागं वळून वाड्याकडे पाहिलं, तट, खिळे, दरवाजे. मग सावकाश दगडावर टेकला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “तो ‘वा’ माझ्यासाठी निघाला होता.”

म्हातारा त्याच्या शेजारी बसला आणि नव्या, हलक्या आवाजात बोलू लागला.

“आई बाळाला न्हाऊमाखू घालते, आणि मग त्याच्या गोऱ्या गालावर काजळाची तीट लावते. बाळ कुरूप व्हावं म्हणून लावते का? जितकं बाळ गोजिरं तितकी तीट मोठी. आज मी दिवसभर तुला काजळ फासत होतो, बाळ. तुझ्यात उणं आहे म्हणून नव्हे. तुझ्यात इतकं आहे, की झाकताना माझी पुरेवाट झाली. तू पीस उचललंस तेव्हा तर मला वाटलं, गेला! खोऱ्याचा वैद्य गेला! आईसाहेबांनी ते ओळखलं आणि वरून आपलीही एक तीट लावली.”

“मला आधी सांगायचं होतंत!”

“सांगितलं असतं, तर तुझं तोंड एवढं छान पडलं असतं का? राजाची नजर तेज आहे, खोटं तोंड त्याला लगेच ओळखू येतं.”

शिष्य हसला. हसताना त्याला दोन-तीनदा डोळे पुसावे लागले. मग एकाएकी तो गंभीर झाला.

“पण गुरुजी, घरी? घरी तर राजा नव्हता. तिथं का नाही कधी म्हणालात?”

आता बघा, ज्ञानी माणसाला प्रश्न विचारायचा तर असा विचारावा. म्हाताऱ्यानं कान खाजवला, हातातला नारळ हलवून पाणी आहे का ते बघितलं.

“घरी...” तो म्हणाला, “सवय लागली, बाबा.” आणि नारळ दगडावर आपटून त्यातलं अर्धं खोबरं त्यानं शिष्याच्या हातात ठेवलं.

त्यानंतर म्हाताऱ्यानं पुन्हा कधी बोंब मारली नाही. शिष्यानं काढा उतू घालवला तरी नाही, मांजरानं गुळवेल सांडली तरी नाही. दिलेलं ते दिलेलं, असं तो म्हणे.

त्याच दिवशी, नदीच्या उताराशी, एक बाई कडेवरच्या पोराला घेऊन धावत आली. पोराचं अंग तापानं फणफणत होतं. “वैद्य कुठं आहेत हो? वैद्य?”

म्हाताऱ्यानं शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“हा वैद्य,” तो म्हणाला. आवाज इतका हलका, की पाण्याच्या खळखळाटात बाईला ऐकूच गेलं नाही.

“काय म्हणालात?”

“हा वैद्य,” म्हातारा पुन्हा म्हणाला.

शिष्याला दोन्ही वेळा ऐकू आलं. तो खाली बसला आणि त्यानं पोराचं मनगट हातात घेतलं.

तेव्हा मंडळी, राजासमोर आपल्या माणसाला नावं ठेवावी लागली तर खुशाल ठेवा. पण राजा गेल्यावर तरी जीभ सोडवा, आता कुणाला भिताय?